मुलांना सेवेला पाठवताय, पण उतारशाळा कुठे आहे?

नाताळच्या आधीचे तीन आठवडे नाशिकमधल्या कुठल्याही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाकडे बघा. कॅरलला कोण जाणार, तारे कोण टांगणार, गव्हाणीसाठी पेंढा कुठून आणायचा, सिव्हिल हॉस्पिटलात फळं वाटायला कोणाच्या गाडीवरून जायचं, सगळं ठरलेलं असतं. चौदा ते अठरा वर्षांची ही मुलं मनापासून राबतात आणि आपण त्याला प्रभूची सेवा म्हणतो. ती सेवा आहेच. पण यातल्याच एखादीच्या शेजारच्या बाकावर गेले पंधरा दिवस डबा न उघडणारी मुलगी बसलेली असते. तिच्याशी काय बोलायचं, हे मात्र आपण आपल्या मुलीला कधी शिकवलेलं नसतं.

किशोरवयीन मुलांनी दुखावलेल्या सोबत्याला हात देणं ही त्यांच्या वयाला शोभणारी सेवा आहे आणि ती बऱ्याचदा फक्त त्यांनाच जमते. मंडळ्यांनी त्यांना त्यासाठी उभं केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याला एक अट मात्र जोडलेली आहे. हात देणं मुलांचं काम, भार उचलणं मोठ्यांचं. मोठ्यांची बाजू तयार नसेल, तर मुलांना या कामाला पाठवू नये.

त्यांनाच जमते असं का म्हणतो? कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसमध्ये एका बॅचला साठ-सत्तर मुलं असतात. त्यात कळवण, सुरगाणा, पेठहून आलेली, होस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणारी मुलं असतात. सरांना त्यांची नावंसुद्धा पाठ नसतात आणि आईवडील फोनवर ‘जेवलास का’च्या पलीकडे जात नाहीत. रडून सुजलेले डोळे शेजारी बसणाऱ्यालाच दिसतात. शिवाय या वयाची मुलं मनातलं पहिल्यांदा सांगतात ते आपल्याच वयाच्या कोणालातरी. मोठ्यांपर्यंत ते पोचलं तर नंतर, आणि अनेकदा फार उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात १५ ते २९ या वयोगटात आत्महत्या हे मृत्यूचं तिसऱ्या क्रमांकाचं कारण आहे. म्हणून त्या पहिल्या ऐकणाऱ्याची तयारी करून घेणं हे हौसेचं काम नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचा उत्तरार्ध घाईने उरकतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो परका माणूस लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूपाशी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, नेतो. तिथे एक रात्र काढतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार देऊन, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असं सांगून, पुढे जातो. त्या काळी एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्याने जखमी माणसाला आयुष्यभर पाठीवर घेतलं नाही. योग्य जागी पोचवलं, पैशांची सोय केली आणि पुन्हा चौकशीला यायचं कबूल केलं. आपल्या मुलांनी करायचं ते एवढंच: थांबायचं, पट्टी बांधायची, उतारशाळेपर्यंत पोचवायचं. आता प्रश्न मंडळीला आहे. ती उतारशाळा आपण उघडली आहे का?

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न परका वाटायला नको. शरणपूर हे नावच आश्रयाचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली आणि पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणून त्यांना लिहायला-वाचायला आणि कारागिरी शिकवली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनविधीलाही हजर होता. लहानपणी ज्याला कोणीतरी आश्रय दिला, त्याने पुढे दुसऱ्याचं ओझं उचललं. आज शरणपूर रोडवरून क्लासला जाणाऱ्या किती ख्रिस्ती मुलांना हे ठाऊक आहे? रविवारच्या शाळेत एक तास यासाठी जरूर द्यावा.

आता शिकवायचं काय, ते पाहू. माझ्या मते चार रविवार, उपासनेनंतर दीड-दीड तास, आणि एका गटात बारा ते पंधरा मुलं एवढं पुरतं. व्याख्यान ठेवू नका. व्याख्यानाने मुलं भारावतात आणि सोमवारी वर्गात गेल्यावर काय बोलायचं ते त्यांना सुचत नाही. तोंडाला सवय लागेल असा सराव हवा.

पहिला सराव ऐकण्याचा. जोड्या पाडायच्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, कशाहीबद्दल, अगदी बस चुकल्याबद्दलसुद्धा. ऐकणाऱ्याला तीनच गोष्टींची मुभा: गप्प राहणं, ‘मग?’ विचारणं, आणि जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगणं. ‘मला पण ना’, ‘अगं, काही होत नाही’, ‘तू असं कर’ या तीन वाक्यांना बंदी. बहुतेक मुलांना दुसऱ्या मिनिटालाच सल्ला द्यायची उबळ येते. ती का येते, हे त्यांना तिथेच समजावून सांगा. समोरच्याचं दुःख ऐकताना आपल्यालाच अवघडायला होतं आणि सल्ला देऊन आपण आपलं अवघडलेपण मिटवतो. त्यात समोरच्याला काहीच मिळत नाही. बायबलमधल्या, मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. त्या अख्ख्या ग्रंथात त्यांच्या हातून घडलेलं तेवढंच काम बरोबर आहे. नंतर त्यांनी तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याला धर्मशास्त्र ऐकवलं आणि शेवटी खुद्द देवाचा राग ओढवून घेतला. वडील गेलेल्या मुलाला आठवड्याच्या आत ‘सर्व गोष्टी कल्याणासाठी असतात’ हे वचन मोबाइलवर पाठवणारा आपला मुलगा नेमका इथे चुकतो. वचन खरं असतं, वेळ चुकलेली असते.

दुसरा सराव सुरुवात करण्याचा. मघाची डबा न उघडणारी मुलगी घ्या. मधल्या सुट्टीत चार जणींसमोर ‘काय गं, तोंड का पाडलंयस?’ असं विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येणार, कारण तो प्रश्न खुलासा मागतो आणि तोही सगळ्यांदेखत. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर बसस्टॉपकडे चालताना म्हणावं, ‘पंधरा दिवस झाले, तू डबा उघडला नाहीस. मला काळजी वाटतेय.’ जे दिसलं तेच सांगायचं, अंदाज बांधायचा नाही. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तरीही ती ‘काही नाही’ म्हणाली, तर ‘बरं. मी आहे’ एवढंच म्हणून गप्प चालायचं, दुसऱ्या दिवशी आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवायची आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाचा दूत आधी निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी घेऊन आला. खा म्हणाला, झोपू दिलं, पुन्हा खा म्हणाला. बोलणं नंतर झालं.

कशाकडे लक्ष ठेवायचं, तेही नेमकेपणानं सांगावं लागतं. उदास तर सगळेच कधीतरी असतात. पाहायचा तो बदल, आणि तो दोन आठवडे टिकलाय का हे. मे महिन्याच्या उन्हातही लांब बाह्या न काढणं, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, क्लासची फी भरून क्लासला न जाणं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं वरचेवर म्हणणं. दहावी-बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागतात त्या आठवड्यात तर दोन आठवडे थांबूही नये. आणि फार दिवस खचलेला मुलगा एकाएकी शांत, हलका दिसायला लागला, तर ते बरं होणंच असेल असं धरून चालू नये.

तिसरा सराव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो गुपिताचा. मुलं घात करून घेतात ती इथे. मैत्रीण म्हणते, ‘कुणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे.’ काय ऐकायचंय ते कळायच्या आतच आपली मुलगी शपथ घेऊन मोकळी होते. मग जे कानावर येतं ते तिला पेलत नाही आणि शपथेमुळे कोणाला सांगताही येत नाही. एकाच्या जागी दोघी बुडायला लागतात. म्हणून प्रत्येकाकडून हे उत्तर मोठ्याने, दहा-दहा वेळा म्हणवून घ्या: ‘उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मी एकटी ते पोटात ठेवणार नाही. आपण दोघी मिळून एखाद्या मोठ्या माणसाला सांगू. कोणाला, ते तू ठरव.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ज्याच्या हातातून सगळं निसटलेलं असतं, त्याच्या हातात निवड राहते ती तेवढीच. आणि शपथ आधीच घेतली गेली असेल तर? मोडायची. मैत्रीण चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. ती जिवंत राहील.

चौथ्या रविवारी थेट प्रश्न विचारायला शिकवा: ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ पालक इथे दचकतात. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीती सर्वदूर आहे आणि ती चुकीची आहे. अभ्यास उलटंच सांगतात. कोणीतरी न घाबरता विचारलं की सांगणाऱ्याचा भार हलका होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर मुलांचं काम दोनच गोष्टींचं: त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि त्याच घटकेला मोठ्या माणसाला बोलवायचं. उद्या सकाळी, सर आल्यावर, असं काही नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. शेजारी बसून तो लावता येतो.

मोठ्यांचं काम तिथून सुरू होतं आणि नाशिक जिल्ह्यात त्यातली एक बाब फार महत्त्वाची आहे. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतीच्या घरांत फवारणीचे विषारी डबे हाताशी असतात. आपण त्याला ‘औषध’च म्हणतो, म्हणून त्याची धास्ती वाटेनाशी होते. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की अर्ध्या वापरलेल्या बाटल्या शेडमध्ये, जिन्याखाली, कधी कॉटखालीसुद्धा पडून असतात. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या मधल्या वेळात हाताशी काही नसणं, एवढ्यानेच माणूस वाचू शकतो. म्हणून पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बागायतदार घरांत प्रार्थनेला गेल्यावर जरूर विचारावं: औषधाच्या खोलीला कुलूप आहे का, किल्ली कोणाजवळ असते? आणि दुर्दैवाने कोणी काही घेतलंच, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन, बाटली किंवा डबा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, त्याने अपाय वाढतो.

दुखापत दुसऱ्या कोणी केलेली असेल, म्हणजे मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगत असेल, तर नियम आणखी कडक. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’, एवढं बोलायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, कारण प्रत्येक वेळी सांगताना ते मूल पुन्हा त्यातून जातं आणि पुढे जबाबातही घोळ होतो. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी मोठ्यांना सांगावं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, मात्र माहिती न देणारा स्वतःच बालक असेल तर त्याला ती लागू होत नाही. म्हणजे कायद्यानेही हा भार मोठ्यांवरच टाकला आहे. संशयित माणूस मंडळीतला, समितीतला, नात्यातला असला तरी ‘आपसात मिटवू’ ही भाषा चालणार नाही. मंडळीच्या अब्रूसाठी मुलाला गप्प बसवणं हे पाप आहे आणि गुन्हाही. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो मुलांना तोंडपाठ हवा.

आता आपल्या घरातल्या खोडींबद्दल. सगळ्यात घातक म्हणजे ‘प्रार्थनेचा विषय’. मुलीने विश्वासाने काहीतरी सांगावं आणि बुधवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेत, कोणी डोळे मिटून म्हणावं, ‘प्रभू, त्या अमक्या कॉलनीतल्या दहावीतल्या लेकरासाठी...’ रात्री दहापर्यंत अर्ध्या देवळालीला कळलेलं असतं. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ते कायमचं लिहून राहतं. नाव न घेताही ओळख पटेल असा तपशील प्रार्थनेतून गाळलाच पाहिजे. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. एकदा असं झालं की त्या वर्गातलं एकही मूल पुन्हा कधी आपल्या मुलांजवळ तोंड उघडत नाही.

दुसरी खोड म्हणजे नैराश्याला ‘विश्वास कमी पडला’ म्हणणं किंवा सरळ भुताखेताचा विषय करणं. लूक स्वतः वैद्य होता, हे आपण विसरतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद कर, प्रार्थनेनेच बरा होशील, असं कोणत्याही मुलाने कोणालाही कधीही सांगू नये आणि सांगणाऱ्या मोठ्याला पाळकांनी थांबवावं. प्रार्थना आणि गोळी एका पेल्यातल्या पाण्याबरोबर घेता येतात.

धर्मप्रसाराच्या शंकेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आपल्या मुलांच्या वर्गात ख्रिस्ती एक-दोनच असतात. दुखावलेला सोबती बहुधा हिंदू, मुसलमान, बौद्ध घरचा असणार. मी तर म्हणेन, संकटातल्या मुलाला चर्चला चल म्हणायचं नाही, पत्रक द्यायचं नाही, वचन ऐकवायचं नाही. मनाने कोलमडलेलं अल्पवयीन मूल मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकत नाही आणि जिथे ‘नको’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ला किंमत नसते. ‘तुझ्यासाठी घरी प्रार्थना करू का?’ एवढं विचारता येतं आणि ‘नको’ आलं तर विषय तिथे संपतो. शोमरोन्याने जखमीला त्याचा किंवा आपला धर्म विचारल्याचं दाखल्यात कुठेही नाही. कोणी यात साक्ष कुठे आहे म्हणेल, तर अर्धी पोळी हीच साक्ष.

मदत करणाऱ्या मुलाला सांभाळणं हा भाग हमखास राहून जातो. रात्री दोन वाजता मेसेज येतात, उत्तर नाही दिलं तर काय होईल या भीतीने मूल जागं राहतं आणि महिन्याभरात त्याचे स्वतःचे मार्क घसरतात. म्हणून सीमा आधीच घालाव्यात. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये आईजवळ, आणि हे मित्रालाही सांगून ठेवायचं: ‘दहानंतर मी नसतो, तेव्हा १४४१६ ला फोन कर.’ एका वेळी एकच सोबती. मुलींबरोबर मुली, मुलांबरोबर मुलं. दर आठवड्याला वीस मिनिटं त्या मुलाचं ऐकणारं एक मोठं माणूस हवं. आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की सगळं नीट करूनही कधी वाईट घडू शकतं, आणि तसं झालं तर दोष तुझा नसेल. हे नंतर सांगून उपयोग नाही, तोवर मुलाने दोष स्वतःकडे घेतलेला असतो. गलतीकरांस लिहिताना पौल एकमेकांची ओझी वाहा म्हणतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे असंही म्हणतो. मुलांना दोन्ही वचनं शिकवा.

पालक म्हणतील, दहावीचं वर्ष आहे, हे कशाला मागे लावताय? मित्राचं ऐकायला ती लागलेलीच आहेत, तुम्हाला माहीत नसताना, शिकवणीशिवाय आणि एकटी. एवढंच माझं उत्तर.

आता उतारशाळेकडे. मंडळीने दोन माणसं नेमावीत, एक बाई, एक पुरुष, ज्यांना मुलं आपणहून ताई-काका म्हणतात अशी. एकट्या पाळकसाहेबांवर हे टाकू नये. त्यांची बदली होते, शिवाय घरच्यांच्या कानावर जाईल म्हणून मुलं त्यांना बिचकतात. नेमलेली माणसं मुलाशी दार उघडं ठेवूनच बोलतील आणि बोलताना दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असेल. त्यांनी स्वतः सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन ओपीडीचे वार आणि वेळा विचारून याव्यात, शहरातल्या दोन-तीन समुपदेशकांची फी विचारावी आणि ही यादी दर सहा महिन्यांनी फोन करून तपासावी. बंद पडलेल्या क्रमांकावर फोन लावून बसलेल्या मुलाचा धीर तिथेच सुटतो.

आणि दोन दीनार. नाताळच्या रोषणाईला, मंडपाला, जेवणाला किती जातात ते प्रत्येक समितीच्या वहीत आहे. त्याच वहीत ‘मुलांचं समुपदेशन व प्रवास’ असं एक सदर उघडावं आणि समुपदेशकाच्या निदान दहा भेटी व रात्री-अपरात्रीची रिक्षा निघेल एवढी रक्कम त्यात आधीच घालून ठेवावी. प्रत्येक वेळी ठराव करून पैसे काढायचे म्हटलं, तर नाव समितीत फुटणार आणि भेट महिन्याने होणार.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे चार रविवार मे महिन्यातच बसवावे लागतील आणि त्यासाठी एप्रिलच्या बैठकीत ठरवायला हवं: दोन माणसं कोणती, बुधवारी संध्याकाळी मुलांसाठी कोणती खोली उघडी राहील आणि तिची किल्ली कोणाकडे. पोरांच्या कंपासपेटीत मावेल एवढं एक कार्ड छापून घ्या. त्यावर १४४१६, १०९८, तातडीच्या मदतीचा ११२ आणि १०८ छापलेले असू द्या. खालच्या दोन रेघा कोऱ्या ठेवा. त्यांवर ताईंनी आणि काकांनी आपापले नंबर स्वतःच्या हाताने, मुलांच्या समोर लिहून द्यावेत.